जावे की न जावे?

प्रवासाला निघण्यापूर्वी दिवस पाहण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पूर्वी त्यासाठी पंचांग उघडीत, आता वर्तमानपत्र उघडतात, एवढाच फरक. 2022 सालच्या वैशाखात श्रीलंकेला जायचे आम्ही उभयतांनी ठरविले होते. वैशाखी पौर्णिमेला तिकडे घरोघर कागदी कंदील लावतात. आपली दिवाळी उन्हाळ्यात कशी दिसते ते एकदा पाहावे, एवढीच हौस. तिकिटे काढून झाली आणि तिकडून एकेक बातमी येऊ लागली. मार्चअखेरीस दिवसाचे तेरा-तेरा तास वीज बंद. शाळांच्या परीक्षांना कागद नाही. पेट्रोलपंपांवर मैलभर रांगा. 12 एप्रिलला परदेशी कर्जाची फेड थांबवीत असल्याचे तेथील सरकारने जाहीर केले. 9 मे रोजी कोलंबोत निदर्शकांवर हल्ला झाला, दंगल पसरली, पंतप्रधानांनी राजीनामा दिला आणि देशभर संचारबंदी लागली.

"जायचं की नाही ते एकदा ठरवा," ही म्हणाली. "बॅगा किती दिवस अर्धवट भरून ठेवायच्या?"

इतिहास वाचण्याची खोड असलेल्या माणसाला अशा वेळी जुनी माणसे आठवतात. मला आठवले ते वरसईचे विष्णुभट गोडसे. 1857 साली हे भटजी आपल्या चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार होत्या. तेथे दक्षिणा मिळेल, डोक्यावरचे कर्ज फिटेल, ही आशा. महूच्या वाटेवर शिपायांनीच त्यांना बजावले की लवकरच मोठा अनर्थ होणार आहे, मागे फिरा. ते फिरले नाहीत. पुढे झाशीच्या वेढ्यात ते सापडले आणि जीव वाचवून, रिकाम्या हाताने घरी परतले. त्यांचा 'माझा प्रवास' 1907 मध्ये छापून निघाला म्हणून आपल्याला हे ठाऊक.

पण गोडसे भटजींचा दाखला आमच्या कामाचा नव्हता. ते कर्जापायी निघाले होते. आम्ही कंदील पाहायला. ज्याला निघणे भागच आहे, त्याने धोका पत्करावा हे समजते. ज्याला घरी स्वस्थ बसता येते, त्याने काय पाहून निघावे? आपण सगळेच विचारतो तो प्रश्न एकच असतो: "तिथे आता शांत आहे ना?" या प्रश्नाचे उत्तर श्रीलंकेच्या इतिहासात शोधू लागलो, तेव्हा प्रश्नाचाच भरवसा वाटेनासा झाला.

सिलोनचे पर्यटन मंडळ 1966 साली स्थापन झाले. त्या वर्षी देशात सुमारे 19 हजार पाहुणे आले. पाच वर्षांनी, एप्रिल 1971 मध्ये, खेड्यापाड्यांतील शिकलेल्या पण बेकार तरुणांनी बंड केले. सरकारने ते कठोरपणे मोडले. हजारो मुले मेली. भारतानेही त्या वेळी सरकारला लष्करी साहाय्य धाडले होते. पुढे सारे निवळले. किनाऱ्यावर नवी हॉटेले उठली, पाहुण्यांचा आकडा वर्षाला लाखावर गेला आणि 1982 मध्ये चार लाखांवर पोहोचला. तोवर एवढे पाहुणे कधीच आले नव्हते.

त्याच्या आदल्याच वर्षी, 1981 च्या मे-जूनच्या संधीवर, जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले होते. सुमारे 97 हजार ग्रंथ आणि ताडपत्रावरील जुन्या तमिळ पोथ्या एका रात्रीत राख झाल्या. गोऱ्या पाहुण्यांच्या किनाऱ्यापासून जाफना पुष्कळ दूर. तो धूर तिथवर गेला नाही आणि पुढच्याच वर्षी पर्यटनाचा उच्चांक झाला. त्या वर्षी कुणी विचारले असते, "तिथे शांत आहे ना?" तर प्रवासी कंपनीने हसून होकार दिला असता, आणि तो खोटाही ठरला नसता. जुलै 1983 मध्ये कोलंबोत मतदारयाद्या हाती घेऊन जमाव तमिळांची घरे हुडकू लागले, तेव्हा कुठे परक्यांना कळले की शांतता एका बाजूचीच होती. 1987 पर्यंत पाहुण्यांचा आकडा निम्म्याहून खाली आला. यादवी 2009 पर्यंत चालली.

याउलट 2022 ची अशांती. गॉल फेसच्या समुद्रकाठच्या पटांगणावर 9 एप्रिलपासून तरुणांनी तंबू ठोकले होते. त्या वस्तीत स्वयंपाकघर होते, दवाखाना होता, इतकेच काय, ग्रंथालयही होते. त्याच पटांगणाच्या दक्षिण टोकाला 1864 सालचे जुने हॉटेल आहे. त्याच्या व्हरांड्यात चहा घेणाऱ्या पाहुण्यावर त्या मुलांचा राग नव्हता. राग होता तो राज्यकर्त्यांवर. म्हणजे 1982 च्या शांततेपेक्षा ही अशांती पाहुण्याला फारशी वाईट नव्हती, आणि कदाचित अधिक प्रामाणिक होती.

इतके कळूनही आम्ही गेलो नाही. भीतीने नव्हे, असे मी स्वतःला सांगितले. कारण दिले ते पेट्रोलचे. रिक्षावाला दोन-दोन दिवस रांगेत उभा असताना आपण कंदील पाहण्यासाठी शंभर मैल मोटार पळवायची, हे मनाला पटेना. या विचाराने मला थोडे बरेही वाटले, हे कबूल केले पाहिजे. जूनअखेरीस तेथे अत्यावश्यक सेवांखेरीज पेट्रोलविक्री बंद झाली. 9 जुलैला जमाव राष्ट्राध्यक्षांच्या निवासात शिरला. राष्ट्राध्यक्ष आधी मालदीवला आणि मग सिंगापूरला गेले. आपला निर्णय बरोबर ठरला, असे मी हिला दोनदा ऐकविले.

जानेवारी 2023 मध्ये आम्ही गेलो. पेट्रोल अजून आठवड्याच्या कोट्यावरच मिळत होते, पण मिळत होते. नेगोंबोचा एक मोटारवाला आम्हाला कँडीला घेऊन निघाला. चढावर गाडी लागली तेव्हा आमचे मे महिन्यातले बेत रहित झाल्याची हकीकत मी त्याला सांगितली, पेट्रोलच्या कारणासकट. तो काही वेळ बोलला नाही.

"तुम्ही आला असतात," तो म्हणाला, "तर मी दोन रात्री रांगेत उभा राहिलो असतो. पण गाडीचे हप्ते चुकले नसते. तेलाची जहाजं बंदराबाहेर उभी होती, साहेब. द्यायला डॉलर नव्हते. डॉलर तुमच्याबरोबर येतो."

"आणि रांगेत तुमच्या मागे उभा असलेला?"

"माझ्या मागे माझा मेहुणाच होता. होडीसाठी रॉकेल मिळतं का बघत हिंडायचा. त्याला विचारलं असतंत तर म्हणाला असता, आत्ता येऊ नका." मग हसून म्हणाला, "आम्ही एकाच घरात राहतो. रोज रात्री भांडण."

माझ्या सद्विचाराची किंमत कुणी भरली ते त्या चढावर मला समजले. गेलो असतो तर मेहुण्याचा अपराधी झालो असतो. न जाऊन याचा झालो. एकाच घरात दोन्ही उत्तरे होती, आणि मी त्या घरात कुणालाच न विचारता मुंबईत बसून निकाल देऊन टाकला होता. तरी नाही तरी काही महिने थांबणे आम्हाला फुकट होते. गोडसे भटजींप्रमाणे कर्ज या मोटारवाल्याच्या डोक्यावर होते, आणि त्याच्या देशाच्याही.

आजही कुणी परदेशी निघताना मला विचारतो, "तिथे शांत आहे का हो?" मी जा म्हणत नाही, नको म्हणत नाही. तिथल्या एखाद्या खाणावळवाल्याला, मोटारवाल्याला आधी विचारून पाहा, एवढेच सांगतो. आणि एकालाच नको, दोघांना विचारा. उत्तरे जुळणार नाहीत. पण निदान कुणाच्या बाजूने आपण ठरविले, ते तरी कळेल.

कंदील मात्र पाहायचे राहिले. जानेवारीत ते नसतात.