चार दिवस चाललेला चित्रपट आणि एका शहराचा पुरावा

१९८५ साली तैपेईच्या चित्रपटगृहांतून एक चित्रपट अवघ्या चार दिवसांत उतरला. चिनी नाव ‘चिंग-मेई चू-मा’, म्हणजे कच्चे आलुबुखार आणि बांबूचा घोडा. लहानपणापासून एकत्र वाढलेल्या प्रेमिकांसाठी चिनी भाषेत हा शब्दप्रयोग रूढ आहे आणि त्याचे मूळ थांग काळातला कवी ली बाय याच्या एका कवितेत सांगितले जाते. परदेशात हा चित्रपट ‘तैपेई स्टोरी’ म्हणून ओळखला जातो. प्रेक्षकांना तो संथ वाटला, त्यात काही ‘घडत’ नाही असे वाटले. मला मात्र तो इतिहासाचे साधन म्हणून महत्त्वाचा वाटतो, आणि ज्या संथपणासाठी तो नाकारला गेला त्या संथपणामुळेच.

दिग्दर्शक एडवर्ड यांग यांचा जन्म १९४७ साली शांघायचा. मुख्य भूमीवरील यादवी युद्धानंतर लाखो लोक तैवानला आले, त्यांत त्यांचे कुटुंब होते. विद्युत अभियांत्रिकी शिकून ते अमेरिकेत गेले, सिएटलमध्ये संगणकाच्या क्षेत्रात नोकरी केली आणि तिशी ओलांडल्यावर परतून चित्रपटांकडे वळले. १९८२च्या ‘इन अवर टाइम’ या चार दिग्दर्शकांच्या चित्रपटापासून तैवानच्या नव्या सिनेमाची सुरुवात मानतात. त्यातला एक भाग यांग यांचा. हे सारे घडत होते ते १९४९पासून लागू असलेल्या लष्करी कायद्याखाली. तो उठला १९८७मध्ये.

कथा चार ओळींची आहे. आ-लुंग दिहुआ रस्त्यावर कापडाचे दुकान चालवतो. आ-चिन बांधकाम व्यवसायातल्या कंपनीत नोकरी करते. कंपनी दुसऱ्यांच्या हाती जाते आणि तिची नोकरी सुटते. लुंगचे नातलग अमेरिकेत आहेत. तिथे जावे की लग्न करून इथेच राहावे, हे ठरत नाही. लुंगची भूमिका केली हौ श्याओ-श्येन यांनी, जे स्वतः मोठे दिग्दर्शक. चिनची गायिका त्साय चिन यांनी.

लुंग लहानपणी बेसबॉलचा नावाजलेला खेळाडू होता. आपल्याकडच्या प्रेक्षकाला हा किरकोळ तपशील वाटेल. पण तैवानच्या इतिहासाची गाठ इथेच आहे. बेसबॉल बेटावर आला तो जपानी राजवटीत (१८९५–१९४५). पुढे १९६९ ते १९८१ या तेरा वर्षांत तैवानच्या मुलांनी ‘लिटल लीग’चे जागतिक विजेतेपद दहा वेळा जिंकले. नेमक्या याच काळात, १९७१मध्ये, तैवान सरकारला संयुक्त राष्ट्रांतले स्थान गमवावे लागले आणि १९७९मध्ये अमेरिकेने बीजिंगला मान्यता दिली. जगाने दारे लावून घेतली तेव्हा बारा वर्षांची पोरे देशाची अब्रू राखत होती, आणि लोक रात्री जागून त्यांचे सामने पाहत होते. ती पोरे मोठी झाल्यावर त्यांचे काय झाले, हे कोणी विचारले नाही. यांग विचारतात. लुंगचा जुना सहखेळाडू टॅक्सी चालवतो. दारूच्या गुत्त्यात एक सुटाबुटातला तरुण लुंगच्या जुन्या खेळाची टिंगल करतो आणि मारामारी होते. शेवटी रस्त्याकडेला जखमी पडलेल्या लुंगला टाकून दिलेल्या दूरदर्शन संचावर तोच जुना विजय दिसू लागतो.

आता संथपणाविषयी. यांग यांचा कॅमेरा माणसे निघून गेल्यावरही जागेवर रेंगाळतो. जिने, खिडक्या, फायली रचलेली टेबले, रात्री गच्चीमागे उजळणारी फुजी कंपनीची प्रचंड निऑन पाटी. जपानी राजवट संपून चाळीस वर्षे झाली, पण आकाशातला उजेड जपानीच! चित्रपटातला एक वास्तुविशारद खिडकीतून शहराकडे पाहत म्हणतो की, यांतल्या कोणत्या इमारती मी आखल्या आणि कोणत्या नाही, हे मलाच ओळखू येईनासे झाले आहे. सरकारी अहवालात मजल्यांची संख्या मिळते. आपल्याच हातचे काम न ओळखण्याची ही अवस्था मिळत नाही. चित्रपट सुरू होतो रिकाम्या घरात आणि संपतो रिकाम्या कार्यालयात. दोन्ही ठिकाणी चिन उभी असते, जागा बघायला आलेली.

चित्रपट म्हणजे गॅझेटियर नव्हे, हे मान्यच. कॅमेरा कुठे ठेवायचा हे दिग्दर्शक ठरवतो, आणि यांग यांची तैपेई त्यांच्या खिन्नतेने रंगलेली आहे. म्हणून कथेतून निष्कर्ष काढताना जपून राहावे. पण पार्श्वभूमीला जे सहज येते, दुकानाची मांडणी, मँडरिन आणि तैवानी होक्कियन यांची सरमिसळ, रस्त्याची रुंदी, ते सहसा खोटे बोलत नाही.

रस्त्याच्या रुंदीचा उल्लेख मुद्दाम केला. कापड, चहा आणि औषधी वनस्पतींच्या पेढ्यांचा दिहुआ रस्ता रुंद करण्याची योजना १९७०च्या दशकातच झाली होती. म्हणजे चित्रीकरण झाले तेव्हा त्या जुन्या दर्शनी भिंतींवर टांगती तलवार होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जतनाची चळवळ उभी राहिली आणि रस्ता वाचला. लुंगचे जग वाचले नाही. त्याच्या भिंती वाचल्या.

या चित्रपटासाठी हौ यांनी स्वतःचे घर गहाण टाकले होते. तीन दशकांनंतर ‘वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट’ने त्याची प्रत दुरुस्त केली आणि तो पुन्हा पडद्यावर आला. यांग २००७मध्येच गेले होते. चार दिवसांत ज्यांनी तो पाहिला नाही त्यांची मुले आता त्यात आपल्या आईबापांचे शहर शोधतात.