नजरेच्या एक शब्द पुढे

मागच्या महिन्यात मोबाईलवर एक अ‍ॅप घेतलं. स्क्रीनवर एकेक शब्द झपाझप येणार, आपण डोळे हलवायचे नाहीत आणि म्हणे वाचनाचा वेग दुप्पट! दोन प्रकरणं 'संपवली', पण काय वाचलं ते बायकोला सांगता येईना. वाटलं, आपलंच डोकं चालेनासं झालं. मग जरा इतिहास उकरला.

वाचताना नजर ओळीवरून सरळ सरकते असं आपल्याला वाटतं, पण ती उड्या मारते. १८७९ साली एवाल्ड हेरिंगने वाचणाऱ्याच्या पापणीवर नळी लावून डोळ्याच्या स्नायूंचे थांबून थांबून येणारे आवाज चक्क ऐकले. पुढे विसाव्या शतकाच्या तोंडावर अमेरिकेतल्या एडमंड ह्यूईने कमालच केली. कोकेनने डोळा बधिर करायचा, बुबुळावर प्लास्टरची छोटी वाटी बसवायची आणि तिला जोडलेल्या काट्याने काजळी धरलेल्या कागदावर रेघा उमटवायच्या! (नुसतं वाचूनच माझ्या डोळ्यांत पाणी आलं.)

पण थांबलेली नजर पाहते किती? उत्तर मिळायला कॉम्प्युटर यावा लागला. १९७५ साली जॉर्ज मॅकॉन्की आणि कीथ रेनर यांनी 'सरकती खिडकी' बनवली. नजर जिथे असेल तिथली थोडीच अक्षरं खरी, बाकी सगळ्या फुल्या. नजर उडाली की खिडकीही तिच्यासोबत. खिडकी लहान केली की वेग पडायचा. अशा प्रयोगांतून कळलं की इंग्रजी वाचताना डावीकडची तीन-चारच अक्षरं उपयोगी पडतात, उजवीकडची मात्र चौदा-पंधरा. आणि १९८१ साली दिसलं की उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी हिब्रू वाचताना हे उलटं होतं. म्हणजे ही डोळ्याची रचना नव्हे, लक्ष वाचनाच्या दिशेने पुढे धावतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे प्रीफेच! नजर या शब्दावर असतानाच पुढच्या शब्दाचं काम सुरू झालेलं असतं. माझं अ‍ॅप नेमका हा पुढचा शब्दच काढून घेत होतं. वर मागे वळायचीही सोय नाही. २०१४ साली रेनर आणि सहकाऱ्यांनी वाचून झालेले शब्द झाकून पाहिले, तर समजच घटली.

२०१५ साली रेनर गेले. वर्षभराने त्यांचा शेवटचा मोठा लेख आला, तो वेगवाचनावरच. सार एवढंच, की वेग वाढवला की समज कमी होते. जलद वाचायचं तर भाषा पक्की हवी, आणि ती वाचूनच होते.

असो. अ‍ॅप उडवलंय. पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून, माझ्या गतीने.