नागरिकशास्त्रातला एक प्रश्न

"शिक्षण हा भारतीयांचा मूलभूत हक्क आहे. चूक की बरोबर?" नागरिकशास्त्राच्या तासाला सरांनी विचारलेला हा प्रश्न आपल्या १९९५ च्या तुकडीतल्या काहींना आठवत असेल. निम्म्या वर्गाने 'बरोबर' म्हटलं आणि ओरडा खाल्ला. पुस्तकातलं उत्तर 'चूक' असं होतं. शिक्षण मार्गदर्शक तत्त्वांत होतं. सरकारने ते द्यावं, पण न दिल्यास कोर्टात दाद मागता येत नाही, असा त्याचा अर्थ. पुढे मी संगणकाच्या वाटेला लागले, तरी हा प्रश्न सुटला नाही.

मागणी तर फार जुनी. १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारी तिजोरी रयतेच्या कष्टाने भरते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो बडोदे संस्थानभर नेला.

ब्रिटिश मुलखात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये विधेयक मांडलं. मागणी अगदी बेताची होती: सहा ते दहा वर्षांचे मुलगे, तेही स्थानिक संस्था तयार असेल तिथेच. तरी पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं गेलं. मग १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला.

नोव्हेंबर १९४८ मध्ये हा विषय संविधान सभेत आला. मसुद्यातले 'हक्क' सुचवणारे शब्द वगळले गेले आणि राज्याने प्रयत्न करावा एवढंच उरलं. पण वयाची मर्यादा चौदावरून खाली आणायला डॉ. आंबेडकरांनी नकार दिला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात लावायला आपण बंदी घालतो, तर त्या वयापर्यंत ते मूल शाळेतच असलं पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. दहा वर्षांत हे साध्य करायचं ठरलं होतं.

ती दहा वर्षं लांबत गेली. फेब्रुवारी १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण मूलभूत हक्क मानलं. म्हणजे आम्ही ओरडा खाल्ला तेव्हा आमचं उत्तर बरोबरच होतं. निकाल पुस्तकापर्यंत पोचला नव्हता, एवढंच. २००२ मध्ये घटनादुरुस्तीने कलम २१क आलं आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला.

हे सगळं शोधत बसण्याचं कारण माझी बाकावरची मैत्रीण. १९९३ च्या उन्हाळ्यात, आठवीचा निकाल लागल्यावर, ती शाळेत आलीच नाही. आई मजुरीला जायची आणि घरी धाकटी भावंडं होती. गणितात ती माझ्यापुढे होती. बेरीज चुकली की माझ्या वहीवर पेन्सिलीने बारीक फुली करायची. तिच्या घरी जाऊन कुणी विचारलं नाही. मीही गेले नाही.

आजचा कायदा तरी तिला थांबवू शकला असता का? नाही. तो पहिली ते आठवीपुरताच आहे. आमच्या कामात चूक बहुतेक वेळा सीमेवरच सापडते. इथे ती सीमा आठवी आणि नववीच्या मधे आहे, आणि आजही अनेक मुली तिथेच गळतात.

या संमेलनाची यादी दहावीच्या निकालपत्रकावरून केली, म्हणून तिचं नाव त्यात नाही. संयोजकांना एक विनंती: पुढच्या वेळी यादी पाचवीच्या हजेरीपटावरून करूया. तिला शोधायला मी जाते.