जस्टिन ॲबट यांचा महाराष्ट्राचा निरोप आणि संतचरित्रांचे अनुवाद

पश्चिम भारतातील अमेरिकन मराठी मिशनच्या इतिहासात मिशनरींच्या आगमनाची वर्षे ठळकपणे नोंदली जातात. त्यांच्या निघून जाण्याचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः १८१३ मध्ये मुंबईस पोहोचलेल्या गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट यांच्यापासूनच हा प्रश्न उभा होता. प्रकृतिअस्वास्थ्यामुळे नॉट १८१५ मध्ये परतले. हॉल यांनी १८२५ मध्ये पत्नी व मुलांना मायदेशी धाडले आणि स्वतः मागे राहिले. पुढच्याच वर्षी नाशिककडील प्रवासात पटकीने त्यांचा अंत झाला. अर्धवट टाकलेले काम किंवा परक्या भूमीतील थडगे, याखेरीज तिसरा मार्ग त्या पिढीला ठाऊक नव्हता.

रेव्हरंड जस्टिन एडवर्ड्स ॲबट (१८५३–१९३२) यांनी तो शोधला, असे म्हणता येईल. त्यांचे वडील आमोस ॲबट याच मिशनचे. तत्कालीन अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील राहुरी हे वडिलांच्या कार्याचे ठाणे होते व जस्टिन यांच्या बालपणाची काही वर्षे याच मुलखात गेली. शिक्षणासाठी अमेरिकेस गेलेले ॲबट १८८१ मध्ये मिशनरी म्हणून मुंबईस आले आणि १९१० मध्ये सेवानिवृत्त होऊन न्यू जर्सीतील समिट येथे स्थायिक झाले.

येथे त्यांचे चरित्र संपावयास हवे होते; परंतु मराठीच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ते येथेच सुरू होते. फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची देवनागरी प्रत लंडनमधील मार्सडेन संग्रहात असल्याचे त्यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखातून निदर्शनास आणले. १९२६ पासून ‘महाराष्ट्रातील संतकवी’ ही इंग्रजी अनुवादमाला पुण्यातून प्रसिद्ध होऊ लागली. भानुदास, एकनाथ, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम, रामदास अशी ती वाढत गेली. त्यांतील बहुतेक चरित्रांचा आधार महिपतींचे ग्रंथ होत. आणि महिपतींचे ताहराबाद हे राहुरी तालुक्यातच आहे.

या योगायोगावर फार भार देणे योग्य नव्हे. निवृत्तीनंतर ॲबट वारकरी झाले, अशी भाबडी मांडणीही टाळावयास हवी. त्यांची ख्रिस्तनिष्ठा अबाधित होती. तथापि, सेवेत असताना संतवाङ्मय हा मिशनरीसाठी धर्मचर्चेचा, प्रसंगी खंडनाचाही विषय असे. पद सुटल्यावर ती निकड उरली नाही. महिपती जे सांगतात ते, चमत्कारांसह, जसेच्या तसे परभाषेत नेणे त्यांना शक्य झाले. मराठी माणसांचा धर्म बदलू पाहणारा गृहस्थ वार्धक्यात त्यांच्याच संतांचा अनुवादक होतो, ही घटना मिशनरी इतिहासाच्या रूढ चौकटीत सहज बसत नाही.

हे काम एकट्याचेही नव्हते. पंडित नरहर गोडबोले यांचे पुण्यातून सहकार्य होते. १९३२ मध्ये ॲबट निवर्तले. ‘भक्तविजया’चा अनुवाद त्यानंतर, १९३३ व १९३४ मध्ये, दोन खंडांत दोघांच्या नावे प्रसिद्ध झाला.