गुन्ह्याचा शेवटचा दिवस

१७९८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे कनेक्टिकटमधल्या एका मृत्युपत्राचा वाद आला : कॅल्डर विरुद्ध बुल. वाद दिवाणी होता. तरी न्यायमूर्ती सॅम्युएल चेस यांनी पूर्वलक्षी फौजदारी कायद्याचे घटनेला अमान्य असलेले चार प्रकार त्यात नोंदवले. तिसरा असा, की गुन्हा घडताना होती त्याहून कडक शिक्षा नंतरच्या कायद्याने देणे. आपल्या संविधानाचा अनुच्छेद २०(१) आरोपीला हेच संरक्षण देतो.

क्षणात घडणाऱ्या गुन्ह्याला हे तत्त्व सहज लागते. कट मात्र वर्षानुवर्षे शिजतो. मधेच नियम बदलले तर?

१ नोव्हेंबर १९८७ रोजी अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली. गुन्ह्याचे गांभीर्य आणि आरोपीचा पूर्वेतिहास तक्त्यात जिथे जुळतात, तिथे शिक्षेचे किमान आणि कमाल महिने मिळतात. त्या तारखेआधी सुरू होऊन नंतर संपलेल्या कटांतले आरोपी म्हणू लागले, आम्हाला ही तत्त्वे लावू नका. अपील न्यायालयांनी ते मानले नाही. नवे नियम आल्यावरही कट चालूच ठेवला, म्हणून गुन्हा संपला तो दिवस धरायचा.

तत्त्वांत पुढे वरचेवर दुरुस्त्या होत गेल्या. १९९२ मध्ये ही तत्त्वे ठरवणाऱ्या शिक्षा आयोगाने नियम लिहून काढला : शिक्षा सुनावण्याच्या दिवशीची आवृत्ती वापरावी; त्याने घटनाभंग होत असेल तर गुन्ह्याच्या तारखेची. तीही पूर्ण वापरायची, सोयीची कलमे वेचून नव्हे.

२००५ च्या बुकर निकालाने तत्त्वे केवळ सल्ल्यापुरती उरली. मग कडक आवृत्ती लावली तर बिघडले कुठे, असा सरकारचा युक्तिवाद होता. २०१३ च्या प्यू खटल्यात त्याचे उत्तर मिळाले. १९९९-२००० मधली बँक फसवणूक, शिक्षा २०१० मध्ये. जुन्या आवृत्तीने ३० ते ३७ महिने, नव्या आवृत्तीने ७० ते ८७. आरोपीला मिळाले ७०. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही शिक्षा चुकीची ठरवली, कारण सल्ला असला तरी न्यायाधीशाचा हिशेब तिथूनच सुरू होतो.

अखंड चाललेल्या कटाला शेवटचा दिवस धरणे मला न्याय्य वाटते. पण १९९३ पासून आयोग स्वतंत्र गुन्ह्यांनाही तीच मोजपट्टी लावतो : एक गुन्हा जुन्या आवृत्तीच्या काळातला आणि दुसरा नव्या, तर दोन्हींना नवीच. पहिला गुन्हा नियम बदलण्यापूर्वीच संपलेला असतो. त्याला नंतरची कडक शिक्षा लावणे अन्याय आहे.