कंकशननंतर रेंगाळणारी लक्षणे

डोक्याला, चेहऱ्याला किंवा मानेला बसलेल्या धक्क्याने मेंदू कवटीच्या आत हादरतो आणि त्याचे काम काही काळ विस्कळीत होते, त्याला कंकशन म्हणतात. डोके दुखणे, गरगरणे, उजेड आणि आवाज सहन न होणे, थकवा, विसरायला होणे, चिडचिड, झोप बिघडणे ही त्याची नेहमीची लक्षणे आहेत. बहुतेकांची लक्षणे दोन ते चार आठवड्यांत ओसरतात, काहींची ओसरत नाहीत. खेळातील कंकशनविषयी २०२२ मध्ये आम्स्टरडॅमला भरलेल्या परिषदेने चार आठवड्यांपलीकडे टिकणाऱ्या लक्षणांना रेंगाळलेली लक्षणे मानले. अपघातग्रस्त प्रौढांविषयीच्या अभ्यासांत पुष्कळदा तीन महिन्यांची मर्यादा धरतात. कंकशनसाठी बेशुद्ध पडावेच लागते असे नाही. शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो मापनावर १३ ते १५ गुण, बेशुद्धी आलीच तर अर्ध्या तासाच्या आतली आणि आठवणीतला खंड एका दिवसाच्या आतला असेल, तर दुखापत सौम्य गटात धरली जाते. ही प्रतवारी जिवाला किती धोका आहे ते सांगते. माणूस कामावर कधी परतेल, हे तिच्यातून कळत नाही. घरच्यांना तर हा काळ समजणे फार कठीण जाते. टाके नाहीत, प्लास्टर नाही, सीटी स्कॅन नॉर्मल. मग हा माणूस बँकेच्या रांगेत दहा मिनिटे उभा का राहू शकत नाही? दीडशे वर्षे या प्रश्नाची दोनच उत्तरे दिली गेली: मेंदूला कायमची इजा झाली आहे, किंवा हे सगळे मनाचे खेळ आहेत. उपलब्ध पुरावा या दोन्ही उत्तरांच्या विरोधात जातो. लक्षणे सुरू करणारे कारण वेगळे आणि ती टिकवून धरणारी कारणे वेगळी असतात. टिकवणारी कारणे बहुधा एकाहून अधिक असतात, आणि त्यांतली बरीचशी शोधून दुरुस्त करता येतात.

सुरुवात मेंदूतच होते, याबद्दल शंका नाही. धक्क्याने पेशींच्या आवरणांवर ताण येतो, पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते आणि हा तोल पुन्हा सावरण्यासाठी पेशींना एकाएकी जास्त ऊर्जा लागते. नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा घटलेला असतो. क्रिस्टोफर गिझा आणि डेव्हिड होव्हडा यांनी २००१ मध्ये या घटनाक्रमाची जी मांडणी केली, तीच आजही आधाराला घेतली जाते. ही उलथापालथ मुख्यतः दिवस ते आठवडे या मुदतीची असते. सीटी स्कॅनमध्ये ती दिसत नाही, कारण तो स्कॅन रक्तस्राव आणि हाडाची मोड पाहण्यासाठी काढलेला असतो. अमेरिकेतील एका अभ्यासात सीटी नॉर्मल असलेल्यांपैकी सुमारे चतुर्थांश रुग्णांच्या एमआरआयमध्ये दुखापतीच्या खुणा आढळल्या. म्हणजे स्कॅन नॉर्मल असल्याचा अर्थ तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज नाही, इतकाच. रुग्णाला काही होत नाही, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

वादाचा इतिहास रेल्वेपासून सुरू होतो. लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक्सन यांनी १८६६ मध्ये रेल्वे अपघातांतून वरवर सुखरूप सुटलेल्या, पण पुढे महिनोन्महिने त्रास भोगणाऱ्या प्रवाशांवर पुस्तक लिहिले आणि हा त्रास पाठीच्या कण्याला बसलेल्या हादऱ्यामुळे होतो असे मांडले. एका रेल्वे कंपनीच्या सेवेत असलेले शल्यविशारद हर्बर्ट पेज यांनी १८८३ मध्ये त्याला उत्तर दिले: यात इजेपेक्षा भीतीचा भाग मोठा आहे. दोन्ही मतांना न्यायालयांत ग्राहक होते, हे विसरून चालणार नाही. हेन्री मिलर या ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञाने १९६१ मध्ये आणखी पुढे जाऊन लिहिले की असे रुग्ण नुकसानभरपाईचा निकाल लागला की बरे होतात. हा आक्षेप आजही जिवंत असल्याने त्याचे उत्तर द्यायला हवे. जॉर्ज मेंडेलसन यांनी १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातून दाखवून दिले की निकाल लागल्यावरही पुष्कळ दावेदार बरे झालेले नव्हते. शिवाय ज्यांनी कधी दावा लावला नाही, ज्यांना उलट काम बुडाल्याने पदरमोड करावी लागते, अशा माणसांनाही हीच लक्षणे होतात. दाव्याची लढाई, वारंवार तपासण्या, आपण खरे बोलतो हे सतत सिद्ध करत राहण्याचा ताण यांनी त्रास वाढतो, हे मान्य. पण त्रास वाढवणारी गोष्ट आणि त्रासाचे सोंग यांत फरक आहे.

याहून वजनदार आक्षेप सिडनीहून आला. तेथील २००८ च्या अभ्यासात दुखापतीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत कंकशन झालेल्यांपैकी ४३ टक्के लोक या लक्षणसमूहाच्या व्याख्येत बसले. पण ज्यांच्या डोक्याला मारच लागला नव्हता, हातपाय वगैरे जायबंदी झाले होते, त्यांच्यातही प्रमाण जवळजवळ तेवढेच निघाले. लिथुआनियातील काउनस शहरातल्या पाहणीत, जिथे अशा त्रासाची फारशी अपेक्षाही नव्हती आणि भरपाईची शक्यताही कमी होती, बहुतेकांची डोकेदुखी महिन्याभरात थांबलेली आढळली. मग हा विकारच नाही म्हणायचे का? अमेरिकेतील ट्रॅक-टीबीआय या मोठ्या पाहणीचे २०१९ चे निष्कर्ष याला उत्तर देतात. सौम्य दुखापतीच्या ५३ टक्के रुग्णांना वर्षानंतरही दैनंदिन कामांत अडचण जाणवत होती. हाडाच्या दुखापतीने त्याच रुग्णालयांत आलेल्यांत हे प्रमाण ३८ टक्के होते. दोन्ही आकडे एकत्र वाचले पाहिजेत. वेदना, अपुरी झोप, अपघाताची धास्ती, कामाची चिंता हा सगळ्या जखमींचा सामाईक वाटा आहे आणि तो मोठा आहे. पण डोक्याला मार लागलेल्यांच्या वाट्याला त्याहून जास्त काही येते. फक्त मेंदूकडे बोट दाखवणाऱ्याला ३८ चा खुलासा करता येत नाही, आणि फक्त मनाकडे बोट दाखवणाऱ्याला वरच्या १५ चा.

हे जास्तीचे काही कुठे असते, ते तपासणीच्या टेबलावर पुष्कळदा हाताला लागते. रात्री कुशीवर वळताच खोली गरकन फिरते आणि मिनिटभरात थांबते, असे रुग्ण सांगत असेल तर आतल्या कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागचे सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत गेलेले असण्याची शक्यता मोठी असते. डोके ठरावीक क्रमाने वळवण्याच्या एप्ली यांच्या पद्धतीने ते काही मिनिटांत जागेवर आणता येतात. तरीही गोळ्यांवर महिने काढलेले रुग्ण भेटतात, ही खेदाची गोष्ट आहे. वाचताना ओळी एकमेकींत मिसळत असतील, तर पेनाचे टोक समोरून नाकाकडे हळूहळू आणून पाहतात: टोक नाकापासून ५ सेंटिमीटरहून दूर असतानाच दोन दिसू लागले तर दोन्ही डोळे एकत्र वळवण्याची क्षमता कमी पडते आहे, आणि तिला व्यायाम आहेत. जो धक्का मेंदूला बसला तोच मानेलाही बसलेला असतो. डोक्याच्या मागून सुरू होऊन डोळ्यापर्यंत येणारी कळ मानेच्या सांध्यांतून येऊ शकते. कॅलगरी येथे २०१४ मध्ये मान आणि तोलाचे व्यायाम दिलेल्या १५ जणांपैकी ११ जण आठ आठवड्यांत खेळायला योग्य ठरले, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या १४ पैकी एक. संख्या लहान आहे, फरक मात्र डोळ्यांत भरण्याजोगा आहे. आणखी एक कारण तर औषधाच्या दुकानातूनच येते. साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस, आणि कॅफिन वगैरे मिसळलेल्या संयुक्त गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असे काही महिने चालले की गोळीच डोकेदुखीला कारण होते. आपल्याकडे ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, त्यामुळे डॉक्टरांनी विचारल्याशिवाय ती कुणाच्या हिशेबात येत नाही. पूर्वीपासून मायग्रेन, नैराश्य किंवा चिंता असलेल्यांना, आधी कंकशन झालेल्यांना आणि ज्यांची पहिल्या दिवसांतली लक्षणेच तीव्र होती त्यांना बरे व्हायला वेळ लागतो.

टिकवणाऱ्या कारणांत एक कारण अनेक वर्षे उपचार म्हणूनच दिले गेले: अंधारी खोली आणि सक्तीची विश्रांती. मिल्वॉकी येथील २०१५ च्या प्रयोगात ११ ते २२ वयोगटातील एका गटाला पाच दिवस कडक विश्रांती सांगितली आणि दुसऱ्याला नेहमीप्रमाणे एक-दोन दिवसांची. पाच दिवस पडून राहिलेल्यांनी जास्त लक्षणे नोंदवली. पुढच्या वर्षी कॅनडातील ३,०६३ मुलांच्या पाहणीत पहिल्या आठवड्यातच हालचाल सुरू केलेल्यांपैकी २४.६ टक्क्यांची, तर न केलेल्यांपैकी ४३.५ टक्क्यांची लक्षणे रेंगाळली. मुळात कमी आजारी असलेली मुलेच लवकर उठली असतील, ही शंका रास्त आहे. तिचे निरसन बफेलो येथील चमूने केले. त्यांनी १०३ किशोरवयीनांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून एका गटाला बेताचा एरोबिक व्यायाम, दुसऱ्याला नुसते ताण देण्याचे व्यायाम दिले. पहिला गट मध्यमानाने १३ दिवसांत, दुसरा १७ दिवसांत बरा झाला. व्यायामाची मात्राही मोजून ठरते. रुग्ण ट्रेडमिलवर एकाच वेगाने चालतो, दर मिनिटाला चढ वाढवतात, आणि लक्षणे ठरलेल्या प्रमाणात वाढली की थांबून नाडी नोंदवतात. ती १४० आली, तर रोजचा व्यायाम तिच्या ८० ते ९० टक्क्यांवर, म्हणजे ११२ ते १२६ च्या दरम्यान करायचा आणि जमेल तसा वाढवत न्यायचा. आम्स्टरडॅमच्या परिषदेने म्हणूनच विश्रांती २४ ते ४८ तासांपुरती, तीही सापेक्ष ठेवायला सांगितली: घरात वावर चालेल, स्क्रीन कमी.

हालचालीने मेंदूला आणखी इजा होईल, ही भीती घराघरांत असते आणि ती समजण्यासारखी आहे. पण श्रमाने लक्षणे थोडी वाढून तासाभरात उतरणे ही इजा नव्हे. इजा होते ती दुसऱ्या धक्क्याने, आणि तिथे कसलीही सूट देता येणार नाही. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेला लागल्यावर स्टीव्ह स्मिथ चाचणी पार करून पुन्हा फलंदाजीला उतरला. लक्षणे दुसऱ्या दिवशी उघड झाली आणि मार्नस लबुशेन हा कसोटीतला पहिला कंकशन बदली खेळाडू ठरला. आयसीसीचा तो नियम त्याच महिन्यात लागू झाला होता. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज विल पुकोव्हस्की याला वारंवारच्या कंकशनमुळे २०२५ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, क्रिकेट सोडावे लागले. तेव्हा चालणे, जिना चढणे, स्थिर सायकल लवकर सुरू करावी. उसळता चेंडू, कबड्डीतली पकड आणि दुचाकी मात्र पूर्ण बरे होईपर्यंत दूर ठेवावी.

दुचाकीचा उल्लेख मुद्दाम केला. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, त्यांत सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. जे वाचतात आणि नॉर्मल स्कॅन घेऊन घरी येतात ते या गणतीत येत नाहीत. पडझड झालेले वृद्ध आणि घरात मारहाण सोसणाऱ्या बायका यांची तर कंकशन म्हणून नोंदही क्वचितच होते. वृद्धांत काही आठवड्यांनी डोकेदुखी, गुंगी किंवा चालताना तोल जाणे वाढत गेले, तर मेंदूच्या आवरणाखाली साचलेल्या रक्ताचा संशय घेऊन पुन्हा स्कॅन करावा. कोणत्याही वयात वारंवार उलट्या, झटका, एका बाजूची कमजोरी किंवा न उठवता येणारी झोप दिसली तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे. या खुणा नसतील तर कामावर परतण्यासाठी पूर्ण बरे होण्याची वाट पाहू नये. सुरुवातीला अर्धा दिवस, तासाला थोडी विश्रांती, गोंगाटापासून दूरची जागा, आणि दर आठवड्याला थोडी वाढ. शाळकरी मुलांसाठी आधी वर्गात बसणे, मग गृहपाठ, परीक्षा त्यानंतर. घरात स्वयंपाक आणि लहान मुले सांभाळणाऱ्या बाईला असा अर्धा दिवस कुणी आपणहून देत नाही, म्हणून डॉक्टरांनी ही सूचना चिठ्ठीवर औषधाच्या वरच्या ओळीत लिहावी आणि सोबत आलेल्या माणसाला वाचून दाखवावी.