जुनी गाडी : भट्टीकडे की गॅरेजकडे?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या भंगाराच्या ट्रकमध्ये काय काय असते? मोडके नांगर, गळक्या टाक्या, सायकलींचे सांगाडे, पत्र्याचे डबे आणि अधूनमधून एखाद्या गाडीची चेपलेली केबिन. हे सारे भट्टीत वितळते आणि बांधकामाच्या सळया होऊन बाहेर पडते. 'जालना, सोने का पालना' असे पूर्वी इथल्या व्यापाराविषयी म्हणत. आज त्या पाळण्यात लोखंड वाढते आहे.

अशा जिल्ह्यात कोणाच्या तरी वाड्यामागे किंवा गोठ्याशेजारी एखादी जुनी डबल केबिनची पिकअप गंजत पडलेली असेल, तर तिचे काय करावे? भंगारात द्यावी, की दुरुस्त करून पुन्हा उभी करावी? प्रश्न हौसेचा वाटतो. पण त्याच्या उत्तरात रसायनशास्त्र आहे, इतिहास आहे आणि कायदाही आहे. म्हणून आपण तो जरा सावकाश सोडवू.

गाडी इथवर कशी आली

जालना १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास इथे पोचली. निजामाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ गाड्या आणि १६६ नोकर घेऊन सरकारी मोटारसेवा सुरू केली. देशातल्या सरकारी प्रवासी वाहतुकीच्या अगदी पहिल्या प्रयत्नांत तिची गणना होते. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर खडबडीत रस्त्यांवर जीप दिसू लागली. तिच्या भारतातल्या जन्माची कथा आपल्या विषयाशी चांगलीच जुळते. २ ऑक्टोबर १९४५ रोजी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली ती पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. याच कंपनीने मुंबईत माझगावला विलीज जीपचे सुटे भाग जोडून गाड्या बाहेर काढल्या. पोलाद विकणारे पोलादाची गाडी जोडू लागले!

डबल केबिनचा उगम कामाच्या गरजेतून झाला. तारा ओढायच्या, रस्ता दुरुस्त करायचा किंवा पंप बसवायचा, तर माणसांची टोळी आणि अवजारे एकाच वेळी न्यावी लागतात. अमेरिकेत शेतीयंत्रे बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९५७ मध्ये 'ट्रॅव्हलेट' ही सहा माणसांची पिकअप आणली. तिला सुरुवातीला तीनच दरवाजे होते. जर्मनीत फोक्सवॅगनने १९५८ मध्ये आपल्या व्हॅनची डबल केबिन काढली. आपल्याकडे टाटामोबाईल ही पिकअप १९८८ मध्ये आली. या सगळ्या कष्टकरी गाड्या. राजेरजवाड्यांच्या मोटारींसारखे त्यांना कोणी मखमली झाकण घालून ठेवले नाही. काम संपले की त्या उघड्यावर उभ्या राहिल्या.

गंजाचे कोडे

उघड्यावरच्या लोखंडाला गंज चढतो हे माणसाला लोखंडाइतकेच जुने ज्ञान आहे. आयुर्वेदात तर जुनाट लोहकिट्टापासून 'मंडूर' भस्म करतात आणि ते पांडुरोगावर देतात. पण गंज म्हणजे नेमके काय, हे कळायला फार काळ लागला.

अठराव्या शतकातले रसायनज्ञ मानत, की धातूचे भस्म होते तेव्हा त्यातून 'फ्लॉजिस्टन' नावाचे काहीतरी निघून जाते. गंजलेला पत्रा भुसभुशीत होतो, भोके पडतात. तेव्हा काहीतरी गेले असेच कोणालाही वाटेल. फ्रान्समध्ये लव्हाझिएने १७७० च्या दशकात तराजू हाती घेतला आणि उलटेच दाखवले. भस्माचे वजन वाढते, कारण हवेतला एक वायू धातूत येऊन मिळतो. आपणही हिशोब करू शकतो. गंजाचा मुख्य घटक लोह, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा बनलेला असतो. अणुभार मांडले तर १ किलो लोखंडाचा सुमारे १.६ किलो गंज होतो. त्याचे आकारमान तर मूळ लोखंडाच्या कितीतरी पट होते. दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज शिरला की सांधा फुगून उसवतो, तो याच जोरामुळे.

पण नुसता ऑक्सिजन पुरत नाही, पाणीही लागते. शिवाय गंज एकाच जागी का खातो? याचे उत्तर विजेत सापडले. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तांब्याच्या तळाला लोखंड किंवा जस्ताचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबे वाचले. मात्र वाचलेल्या तांब्यावर शंख-शिंपले साचून जहाजे मंदावली! संरक्षणाचीही किंमत असते, हा धडा तेव्हाच मिळाला. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेलने लोखंडावर जस्ताचा थर देण्याचे पेटंट घेतले. आपल्या घरावरचा पांढरा पत्रा त्याचाच वंशज. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिटनी आणि पुढे इव्हान्स यांनी स्पष्ट केले, की ओल्या लोखंडावर असंख्य चिमुकल्या विद्युतघट तयार होतात. पाण्याच्या थेंबाच्या कडेला ऑक्सिजन भरपूर मिळतो, मध्यभागी कमी. जिथे ऑक्सिजन कमी, तिथले लोखंड विरघळते. म्हणूनच गाडी चिखल साचलेल्या कोपऱ्यात, रबराच्या पट्टीखाली आणि दरवाजाच्या तळाशी आतून कुजते. वरचा रंग मात्र शेवटपर्यंत शहाण्यासारखा दिसतो. डबल केबिनला दरवाजे जास्त, सांधे जास्त, शिवाय केबिन आणि हौद्याच्या मधली चिखलाची फट. म्हणून तिला गंजाची घरेही जास्त.

कोरड्या हवेचे दान

व्हर्नन या ब्रिटिश संशोधकाने १९२० आणि ३० च्या दशकांत हवेतली आर्द्रता बदलून लोखंड तपासले. साधारण ६० टक्क्यांच्या पुढे आर्द्रता गेली की गंज एकदम वेग घेतो, असे दिसून आले. आता मराठवाड्याचा विचार करा. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर हवा कोरडी. दुष्काळाने माणसाला छळले, पण लोखंडाला जपले!

आकड्यांत पाहू. उघड्या पोलादाची झीज कोरड्या ग्रामीण हवेत वर्षाला २५ मायक्रॉनच्या आत असते. खारट किनारी हवेत ती ८० मायक्रॉनवर जाऊ शकते. केबिनचा पत्रा १ मिलिमीटर, म्हणजे १००० मायक्रॉन धरला आणि तो दोन्ही बाजूंनी झिजतो असे मानले, तर वर्षाला २० मायक्रॉनने तो २५ वर्षे पुरेल आणि ८० मायक्रॉनने जेमतेम ६ वर्षे. रंगामुळे ही मुदत वाढते, चिखलामुळे घटते. पण जुनी गाडी शोधायची तर कोकणापेक्षा जालन्यात आशा अधिक, हे या गणितातून निघते. दुर्दैव असे, की तिला गिळणारी भट्टीही इथेच, हाकेच्या अंतरावर आहे.

दुरुस्ती म्हणजे शोध

अशी गाडी उभी करायची तर रंगाचा डबा सर्वांत शेवटी येतो. आधी छायाचित्रे काढावीत, चासी क्रमांक टिपून घ्यावा, प्रत्येक सुटा भाग चिठ्ठी लावून ठेवावा. मग लहान हातोडीने पत्रा वाजवत जावे. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द आवाज देतो. जाम नटबोल्टांना घाईने पाना लावू नये, तेल मुरायला दिवस द्यावेत. कुजलेला भाग कापून तिथे नवा पत्रा वेल्डिंगने जोडावा. गंजावरच लांबी भरून रंग देणे म्हणजे जखमेवर मलमाऐवजी पावडर लावणे. लांबी ओल धरते आणि गंज आत चरत राहतो. जुन्या रंगाच्या अस्तरात शिशाची संयुगे असू शकतात, म्हणून तो कोरडा घासू नये. पाणी लावून घासावा आणि नाकातोंडावर चांगला मास्क असावा.

लहान भागांचा गंज विजेने उतरवता येतो. प्लॅस्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचे पाणी घ्यायचे, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडायचा. भागावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि गंज सुटतो. हे काम उघड्या हवेत, ठिणगीपासून दूर आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. सोड्याऐवजी मीठही वापरू नये, त्याने क्लोरीन निघतो.

दुसरा उपाय आपल्या ओळखीचा आहे. हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत टॅनिन असते. ते लोहाशी मिळून निळसर काळे, पाण्यात न विरघळणारे संयुग बनवते. जुन्या काळची शाई याच रसायनावर चालत असे. सुटा गंज घासून काढल्यावर उरलेल्या पातळ थराला टॅनिनचे द्रावण लावले, तर तो काळा आणि बराच स्थिर होतो. मग जस्त-फॉस्फेटचे अस्तर, मग रंग.

वर्गात हे सहज दाखवता येते. चार परीक्षानळ्यांत चार खिळे ठेवा. पहिलीत साधे पाणी, दुसरीत मिठाचे पाणी, तिसरीत उकळून थंड केलेले पाणी आणि वर तेलाचा थर, चौथीत खिळ्याभोवती तांब्याची तार गुंडाळून मिठाचे पाणी. आठवडाभर रोज नोंद करा. पाचवी नळी मुलांना सुचवू द्या. कोणीतरी जस्ताची पट्टी मागेल, आणि डेव्ही पुन्हा वर्गात येईल.

पंधरा आणि पन्नास

आता भट्टीची बाजूही न्यायाने ऐकू. एक टन भंगार वितळवून पोलाद केले, तर सुमारे १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो. फॅराडेने १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युतप्रवर्तनावर या भट्ट्या चालतात. त्यांत हजारो हातांना काम मिळते. त्या कामात धोकाही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये जालन्यातल्या एका कारखान्यात भट्टीचा स्फोट होऊन कामगार जखमी झाले. भंगारातल्या बंद नळीत किंवा डब्यात पाणी राहिले आणि ते वितळलेल्या लोखंडात पडले, तर क्षणात वाफ होऊन भडका उडतो. गाडी भट्टीकडे पाठवायची असली, तरी आधी ती नीट सोडवून, टाकी आणि नळ्या रिकाम्या करून पाठवणे हे आपले कर्तव्य ठरते.

म्हणजे प्रत्येक जुनी गाडी वाचवावी असे आम्ही म्हणत नाही. धूर ओकणारी, कुजलेली शंभरावी गाडी सळई होणेच बरे. प्रश्न शेवटच्या गाडीचा आहे. १ एप्रिल २०२३ पासून काही विशेष वाहने सोडून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले. दुसरीकडे, जुलै २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' हा मान गाडीला ५० वर्षांनंतर मिळतो. तोही मूळ रूप फारसे न बदललेल्या, खासगी वापराच्या गाडीला. कष्टाची मालवाहू गाडी त्या चौकटीत सहजी बसत नाही. पंधरा आणि पन्नास यांच्या मधली पस्तीस वर्षे गाडीने काढायची कुठे? १९८८ ची पिकअप २०३८ पर्यंत जगली तरच कोणी तिला जुनी म्हणेल. इतिहास वितळतो तो याच फटीत.

वाट अगदीच नाही असे नाही. निजामाच्या मोटारसेवेतली १९३२ ची एक अल्बियन बस हैदराबादेत जपली गेली. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. मग ज्या गाड्यांतून खांब, तारा आणि पंप गावोगाव पोचले, त्यांतली एखादी जिल्ह्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा शाळेच्या शेडमध्ये का असू नये? तिला रस्त्यावर धावण्याची गरज नाही. वेल्डिंग शिकणाऱ्या मुलांना ती फळा होईल, रसायनाच्या शिक्षकाला प्रयोगशाळा आणि इतिहासाच्या शिक्षकाला दस्तऐवज. एका दरवाजावर रंगाचे चार थर निघाले, तर त्या गाडीचे चार मालक किंवा चार कामे मुले शोधून काढतील.

आणि जी गाडी भट्टीत गेली, तिचीही गोष्ट तिथे संपत नाही. तिची सळई होते आणि सळई काँक्रीटमध्ये बसते. सिमेंटच्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडावर एक पातळ संरक्षक थर धरतो आणि ते सुखरूप राहते. पण काँक्रीटला भेग पडली, पाणी शिरले, की तोच जुना गंज फुगतो आणि छताचे पोपडे पडू लागतात. शाळेच्या व्हरांड्यात असे पोपडे दिसले, तर मुलांना तिथेच थांबवून विचारावे : हे कशाने झाले? ज्यांनी खिळ्यांच्या नळ्या पाहिल्या आहेत, ती मुले उत्तर देतील. मग त्या भेगेची तक्रार लेखी करायला त्यांनाच सांगावे.